उरलेल्या तीनशे नव्व्याण्णव पेट्यांबाबत

तीर्थस्वरूप दाजींना,

साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सात अंगं नीट टेकली आहेत असं समजावं. कंबर क्रेट उचलून धरली आहे, तिला या वेळी वगळलं आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? मागे ताई म्हणत होती की डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तुम्ही वहीत तारीखवार लिहून ठेवता, पण करत नाही. हे खरं असेल तर मला फार धीर येईल, कारण तुमच्यासारखा शिस्तीचा माणूससुद्धा एखादी गोष्ट नुसती कागदावर करतो हे पुढचं पत्र वाचताना तुमच्या लक्षात राहिलेलं बरं. ताईचं ब्लडप्रेशर आता उतरलं असेल. तिला हे पत्र वाचून दाखवायचं की नाही ते तुम्हीच ठरवा, पण शेवटचा ता. क. तेवढा तिच्या हातात द्या. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. (हे वाक्य पत्रात असावं लागतं म्हणून आहे.)

फोन सोडून याने पत्र का लिहिलं, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही मध्येच 'बरं' म्हणता, म्हणून. तुमच्या त्या 'बरं'ला मी चौदा वर्षं भितो आहे. आठवतंय ना, तुम्ही स्वतःचा शब्द टाकून मला तुमच्या ऑफिसात आवक-जावकच्या टेबलाशी बसवलंत, आणि नवव्या दिवशी मी घरी येऊन जाहीर केलं की माझ्यासारख्याला खुर्ची मानवत नाही, मी भाजीपाला बाहेरच्या राज्यात पाठवायचा धंदा करणार. तुम्ही रागावला नाहीत, समजावलं नाहीत, चष्मा पुसलात आणि 'बरं' म्हणालात. चार शिव्या दिल्या असत्यात तर मी विसरून गेलो असतो. त्या एका शब्दाला उत्तर म्हणून चौदा वर्षांत मी जे जे बोललो, छापलं आणि चिकटवलं, ते सगळं आता सरकारने खरं मानलं आहे. पत्राचा विषय एवढाच, बाकी सगळं तपशील.

थोडक्यात सांगायचं (ते मला जमत नाही हे तुम्ही जाणताच) तर माझा परवाना जायच्या बेतात आहे. ताजी फळं आणि भाजी राज्याच्या हद्दीबाहेर पाठवणाऱ्याला सरकारी परवाना लागतो, आणि त्यात लहान, मध्यम आणि मोठा असे तीन वर्ग आहेत. एका खेपेला पन्नासच्या आत नग जात असतील तर तुम्ही लहान. मी गेली चौदा वर्षं लहान आहे. (हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी 'तसा लहान' असं लिहिलं होतं, ते हिने खोडायला लावलं.) लहानाची वर्षाची फी सहा क्रेट काकडीच्या किमतीएवढी असते, तेवढी मी कुरकुरत भरतो. आता नोटीस आली आहे की तुम्ही लहान म्हणवता पण आहात मोठे, तेव्हा वीस दिवसांत मोठ्या वर्गाचा परवाना काढा, नाहीतर आहे तोही रद्द होईल, आणि तोवर माल हलवायचा नाही. वीसपैकी अकरा दिवस गेले. टेम्पो दारात उभा आहे. माणूस नोटिशीसाठी थांबतो, काकडी थांबत नाही, ती चौथ्या दिवशी मऊ पडते. शेजारीपाजारी वाटून वाटून आता आम्ही दिसलो की लोक दार लावून घेतात.

तर हे झालं कसं? दरवर्षी हंगामात मी ताईला संत्र्यांची एक पेटी पाठवतो. पहिल्या वर्षी त्यावर खडूने नुसतं 'ताईस' लिहिलं होतं. मग मनात आलं की पेटी उघडणार दाजी, त्यांना काय दिसणार? एक मेहुणा आणि एक पेटी. आमच्या धंद्यात मोठा माल जातो तेव्हा प्रत्येक नगावर लेबल असतं, 'एकूण इतक्यांपैकी अमुक', म्हणजे उतरवून घेणाऱ्याला कळतं की काही मागे राहिलं का. मी दुसऱ्या वर्षी तशी लेबलं छापून घेतली, वर ठळक अक्षरात माझं नाव 'आणि कंपनी', आणि ताईच्या पेटीवर शाईने लिहिलं, 'एकूण साठपैकी एक'. पुढच्या वर्षी एकशेवीस केले, मग अडीचशे. गेली काही वर्षं चारशेवर थांबलो आहे. थांबायचं कारण असं की एका वर्षी तुम्ही फोनवर सहज विचारलंत की चारशे पेट्या एका टेम्पोत मावतात कशा, आणि मी रेंज गेली असं सांगून फोन ठेवला. (तो फोन भिंतीला लावलेला होता, दाजी. वायरचा. तुम्ही तेव्हाही 'बरं' म्हणाला असणार.)

या वर्षी टेम्पोत अडतीस क्रेट काकडी होती आणि पुढच्या सीटवर ड्रायव्हरच्या शेजारी ताईची पेटी. हद्दीवरच्या तपासणी नाक्यावर नवीन इन्स्पेक्टर बाई आल्या आहेत. आधीचे साहेब ताडपत्रीला बाहेरूनच हात लावून 'जा' म्हणायचे, या बाई प्रत्येक नग मोजतात आणि वाचतात. वाचणारा माणूस नाक्यावर नेमणं हे माझ्या मते सरकारचं पहिलं चुकलेलं पाऊल. बाईंनी लेबल वाचलं, 'एकूण चारशेपैकी एक', आणि ड्रायव्हरला विचारलं की उरलेल्या तीनशे नव्व्याण्णव कुठे आहेत. आता आमचा ड्रायव्हर म्हणजे हरिश्चंद्राचा अवतार, खोटं त्याच्या जिभेला चिकटत नाही. पण दाजी, तो सहा वर्षं हे लेबल वाचतो आहे आणि त्याचा त्यावर पूर्ण विश्वास आहे. त्याला वाटतं की माझे आणखी टेम्पो आहेत आणि मी त्याला दुसऱ्या रस्त्यावर पाठवत नाही एवढंच. तो म्हणाला, 'मागून येत असतील.' बाईंनी खुर्ची बाहेर काढली आणि दोन तास रस्त्याकडे बघत त्यांची वाट पाहिली. ड्रायव्हरनेही पाहिली. कुणी आलं नाही तेव्हा बाईंनी पेटी ठेवून घेतली आणि टेम्पो परत पाठवला, पण बाईंपेक्षा ड्रायव्हरलाच जास्त काळजी वाटली, आणि त्याने मला फोन करून विचारलं की शेठ, आपल्या बाकीच्या गाड्यांना अपघात तर झाला नाही ना.

तिसऱ्या दिवशी नोटीस आली. आता खरं सांगतो, कारण खोटं सांगायची माझी पत संपली आहे. नोटिशीवर लिहिलं होतं, 'मोठ्या प्रमाणावर माल पाठवणारे व्यापारी यांस', आणि ते वाचून मला पहिली गोष्ट वाटली ती आनंद. चौदा वर्षांत मला मोठा म्हणणारं पहिलं माणूस भेटलं होतं, आणि ते सरकार होतं. मी ती नोटीस घेऊन केस कापायला गेलो. (केस वाढलेले नव्हते.) खुर्चीवर बसून ती अशी उलगडून धरली की केशकर्तनवाल्याला आरशातून वाचता यावी, आणि आरशात अक्षरं उलटी दिसतात हे लक्षात आल्यावर त्याला वळून वाचायला लावली. त्याने शेवटपर्यंत वाचली. मी शेवटपर्यंत वाचली नव्हती. दंडाचा परिच्छेद मला त्याच्याकडून कळला, आणि त्याने केस कापायचे पैसे आधी मागितले.

परवाना कार्यालयात मी चार वेळा गेलो. तिथल्या कारकुनाने मोठ्या वर्गाला काय काय लागतं त्याची यादी माझ्यासमोर ठेवली, आणि वाईट वाटतं ते याचं की त्यातली एकही गोष्ट वेडगळ नाही. फी माझ्या टेम्पोच्या निम्म्या किमतीएवढी, आणि अनामत उरलेल्या निम्म्याएवढी. शीतगृह हवं, म्हणजे माल नासायला नको, बरोबरच आहे. त्या शीतगृहाचं तापमान दिवसातून तीनदा वहीत लिहायला हवं. तपासलेला वजनकाटा हवा. अन्नाच्या स्वच्छतेचं शिक्षण घेतलेला एक पगारी माणूस हवा. (आमच्याकडे सगळ्यात जास्त शिकलेला माणूस मीच, आणि मी आवक-जावक आठ दिवस शिकलो आहे.) आणि दर सहा महिन्यांनी गेलेला माल परत बोलवायची तालीम करून दाखवायला हवी. म्हणजे एखाद्या खेपेत खोट निघाली तर ती कुठे कुठे गेली हे शोधून परत आणता आली पाहिजे. मी विचारलं की काकडी खाल्ली गेली असेल तर? कारकून म्हणाला की खाणाऱ्याचं नाव लिहायचं. मोठ्या माणसांना हे सगळं परवडतं, कारण त्यांच्या चारशे पेट्या खरोखर असतात आणि हा खर्च चारशेंवर वाटला जातो. माझ्याकडे तो एका पेटीवर बसतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तसं आहे हे, फक्त इथे कोंबडीसुद्धा मी भेट म्हणून दिलेली आहे.

तरी पहिल्या दोन दिवसांत मी माघार घेतली नाही. यादीतली सगळ्यात स्वस्त गोष्ट म्हणजे हात न लावता चालणारा नळ, तो मी बसवून घेतला. पायाने दाबायची पट्टी आहे. पाय दाबला की पाणी येतं, पाय काढला की थांबायला हवं, ते थांबत नाही. प्लंबर म्हणतो पट्टी मोठ्या गोदामासाठी बनवली आहे, तिला आमच्या नळाचा दाब पुरत नाही. ही म्हणाली, नाकापेक्षा मोती जड. आणि बादली आणायला गेली.

मग इन्स्पेक्टर बाई स्वतः जागा बघायला आल्या. माझं गोदाम तुम्ही पाहिलेलं नाही. (तुम्ही यायचं म्हणालात की दर वेळी मी तिथे बांधकाम चालू केलं आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.) गोदाम म्हणजे घराची मागची खोली, नऊ बाय बारा. एका कोपऱ्यात रिकामे क्रेट, एका कोपऱ्यात वजनकाटा, मधे एक मोडकं टेबल आणि त्यावर काकड्या निवडत बसलेली ही. बाईंनी बाहेरचा बोर्ड वाचला आणि विचारलं की कंपनी कुठे आहे. हिने हात वर केला. बाईंनी टेप काढून खोली मोजली, वहीत गुणाकार केला आणि म्हणाल्या की इथे चारशे पेट्या मावणं शक्य नाही. मी सुटलो असं मला वाटलं. तर बाई पुढे म्हणाल्या, म्हणजे तुमचं दुसरीकडे न दाखवलेलं गोदाम आहे. दुष्काळात तेरावा महिना, दाजी. नसलेल्या पेट्यांना आता नसलेलं गोदामही मिळालं, आणि त्याचा दंड वेगळा.

तेव्हा मी खाली बसलो. खुर्ची नव्हती, उलट्या क्रेटवर बसलो, आणि सांगून टाकलं. म्हटलं, बाई, त्या पेट्या नाहीतच, कधीच नव्हत्या. ते मी खोटं लिहीत होतो.

'कशासाठी?'

'दाजींसाठी.'

बाईंनी पेन तसंच धरून ठेवलं, फॉर्म वरपासून खालपर्यंत पाहिला आणि म्हणाल्या, 'हे मी कुठल्या रकान्यात लिहू?'

हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. ही मात्र काकड्या खाली ठेवून, पदर तोंडाला लावून, पायाने नळ चालू करून हात धुण्याच्या मिषाने जी हसत सुटली ती पाणी उंबऱ्याबाहेर जाईपर्यंत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि मी तर हात दाखवायला लेबलं छापून घेतली होती.

बाई वाईट नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं की असलेला माल लपवला तर तो शोधायची पद्धत आहे, पण नसलेला माल दाखवला तर तो नाही हे सिद्ध करायचं काम दाखवणाऱ्याचं. त्याला एकच कागद चालतो, आणि तो कुठला ते पुढे सांगतो. इथे मूळ पत्र संपवतो, कारण मागणी पत्रात घालू नये, ता. क.मध्ये घालावी, म्हणजे ती आयत्या वेळी सुचल्यासारखी वाटते, असं मला वाटतं.

गुडघ्याचे व्यायाम करा. लहानांना (म्हणजे मला) सांभाळून घ्या.

तुमचा,
पन्नासच्या आतला मेहुणा

ता. क. — कागद असा : माल घेणाऱ्याचं सहीनिशी निवेदन. म्हणजे तुमचं. कोऱ्या कागदावर एवढंच लिहा की सदर इसम माझा मेहुणा असून तो दरवर्षी आमच्या घरी एक पेटी संत्री विनामूल्य पाठवतो, एकच पाठवतो, दुसरी कधीही आलेली नाही, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्याचा धंदा लहान आहे. 'लहान' खाली रेघ मारावी असं बाई म्हणाल्या. जुनी लेबलंही जोडायची आहेत. ती तुमच्याकडे असणार, कारण तुम्ही पाकिटावरचे शिक्केसुद्धा कापून ठेवता. साठ, एकशेवीस, अडीचशे, चारशे असा क्रम लागला की बाईंना कळेल की पेट्या वाढत नव्हत्या, मीच फुगत होतो. नऊ दिवसांत हा कागद पोचला नाही तर टेम्पो विकावा लागेल, आणि मग तुमच्या ऑफिसातल्या खुर्चीची चौकशी करावी लागेल. ती माझ्यासाठी नको असेल तर लवकर लिहा.

ता. क. दुसरा — ही म्हणते की निवेदनात माझ्या खेपेचा आकडा घालायचा झाला तर अडतीस लिहू नका. त्यातले सात क्रेट शेजारच्या गावच्या पोरांचा माल होता, भाड्याने नेला होता. एकतीस लिहा. (मी अडतीसच लिहिणार होतो. सवय आहे.) आणि ती म्हणते की दाजींना सगळं पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. तसं असेल तर मला कळवू नका.

ता. क. शेवटचा, ताईसाठी — हे पत्र आणि पेटी ड्रायव्हर घेऊन येतो आहे. टेम्पोला बंदी आहे म्हणून तो पेटी मांडीवर घेऊन बसने येईल. त्याला जेवायला घाल आणि दाजींची सही झाल्याशिवाय परत पाठवू नकोस. पेटी नाक्यावरच्या खोलीत तेरा दिवस होती. लेबल खरं केलं तर भेटीची पेटी सोडता येते असं बाई म्हणाल्या, म्हणून मी काल स्वतः नाक्यावर गेलो होतो. वरची संत्री नासली असतील, खालची चांगली निघतील. लहानपणी आपल्या दोघांत एक संत्रं यायचं तेव्हा तू आठ फोडी मला द्यायचीस, दोन स्वतः खायचीस आणि आंबट लागतात म्हणायचीस. मला ते खरंच वाटायचं. ही संत्री मी दरवर्षी दोन दिवस बाजारात फिरून, एकेक हातात घेऊन, वास घेऊन निवडतो, आंबट एकही जाऊ नये म्हणून. आणि मग एवढं करून वर लिहायचो की चारशेतली ही एक आहे, म्हणजे तुला वाटावं की ढिगातून उचलून टाकली. एवढा मूर्खपणा कुठलाही परवाना काढून करता येत नाही. काल बाईंच्या पेनने चारशे खोडले. लेबल नीट वाच, या वर्षी पहिल्यांदाच बरोबर आहे. 'एकूण एकापैकी एक.'